कांद्याचा टिकाऊपणा : बियाण्यातील वारसा आणि चाळीतील निगा

चैत्र-वैशाखात नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील शेतांतून निघालेला उन्हाळ कांदा मुंबईच्या उपनगरांत आश्विनापर्यंत खाल्ला जातो. मे महिन्याच्या अखेरीपासून नवा पोळ कांदा बाजारात येईपर्यंत महाराष्ट्राच्या शेतांतून नव्या कांद्याची आवक नसते. या चार-पाच महिन्यांत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथील मंडयांत जो महाराष्ट्रातील कांदा विकला जातो, तो बहुतेक सर्व चाळीत साठवलेला असतो. शहराचे स्वयंपाकघर आणि शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब ही दोन्ही अशा प्रकारे एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत. ती म्हणजे कांद्याचा टिकाऊपणा.

हा टिकाऊपणा केवळ चाळीच्या बांधणीवर अवलंबून असतो, असा पुष्कळांचा समज आहे. चाळ महत्त्वाची आहे यात शंका नाही. परंतु एकाच गावात, सारख्याच चाळीत, एकाच दिवशी भरलेल्या दोन शेतकऱ्यांच्या कांद्यांपैकी एकाचा कांदा भाद्रपदापर्यंत घट्ट राहतो आणि दुसऱ्याचा श्रावणातच नासू लागतो, असे आढळते. या फरकाचा मोठा भाग बियाण्यातून येतो. टिकण्याचा गुण पिकाच्या वंशातून पुढील पिढीत कसा उतरतो, हे समजले म्हणजे बियाणे निवडताना व स्वतः तयार करताना कोणती काळजी घ्यावी हे आपोआप उमगते.

नुकसानीचा हिशेब

साठवणुकीत कांद्याचे नुकसान तीन प्रकारे होते. पहिला प्रकार वजनातील घटीचा. कांदा हा जिवंत असतो, तो श्वसन करतो आणि त्यातील पाणी हळूहळू उडून जाते. दुसरा प्रकार सडण्याचा. पावसाळ्याच्या आरंभी हवा उष्ण व दमट झाली की काळी बुरशी, मान कुजणे, बूड कुजणे आणि जिवाणूंमुळे होणारी मऊ सड यांचा जोर वाढतो. तिसरा प्रकार कोंब येण्याचा. पावसाळा सरून हवेत गारवा आला म्हणजे हा प्रकार बळावतो.

समजा, एका शेतकऱ्याने एप्रिल महिन्यात १०० क्विंटल कांदा चाळीत भरला आणि त्या दिवशीचा भाव क्विंटलला १,००० रुपये होता. सप्टेंबर महिन्यात त्यातील ६५ क्विंटल विक्रीयोग्य राहिला, तर मूळची १ लाख रुपयांची रक्कम हाती येण्यासाठीच क्विंटलला सुमारे १,५४० रुपये भाव मिळाला पाहिजे. चाळीचा खर्च, निवडाईची मजुरी आणि कर्जावरील व्याज यांचा विचार यात केलेला नाही. तोच कांदा ८० क्विंटल शिल्लक राहिला, तर १,२५० रुपये भावात मुद्दल सुटते. भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. घट मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हातात असते. म्हणून टिकाऊपणाचा प्रश्न हा अखेरीस कुटुंबाच्या मिळकतीचा प्रश्न आहे.

सफरचंदाचा धडा

मुंबईच्या उपनगरातील हातगाडीवर एप्रिल महिन्यातही सफरचंदे दिसतात. ती काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशातील असल्यास आदल्या शरद ऋतूत किंवा त्याआधी तोडलेली असतात. शून्य अंशाच्या आसपासचे तापमान आणि प्राणवायूचे प्रमाण अगदी कमी केलेली हवा अशा कोठारांत ती ठेवलेली असतात. परंतु कोठार एकच असूनही सर्व जाती सारख्या टिकत नाहीत. काही जाती लवकर पिठूळ होतात, तर काही दीर्घकाळ करकरीत राहतात. या फरकाचे कारण शास्त्रज्ञांनी शोधले, आणि ते फळपिकांच्या आनुवंशिक अभ्यासातील एक उत्तम उदाहरण ठरले आहे.

आंब्याच्या अढीत एक फळ पिकले की त्याच्या संगतीने इतर फळेही पिकू लागतात, हे कोकणातील शेतकऱ्याला ठाऊक आहे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो व तो पिकण्याची क्रिया वाढवितो. सफरचंदही याच वर्गातील फळ आहे. इथिलीन तयार करण्याच्या कामी जे जनुक लागते, त्याचे सफरचंदात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात ते जनुक जोराने काम करते. दुसऱ्या प्रकारात जनुकाच्या नियंत्रक भागात एक आगंतुक तुकडा शिरलेला असल्याने त्याचे काम मंदावते. जपानमधील शास्त्रज्ञांनी १९९९ साली हे दाखवून दिले.

प्रत्येक झाडात असे जनुक जोडीने असते. त्यातील एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले असते. फुजी या जातीत दोन्ही जनुके मंद प्रकारची आहेत. त्यामुळे तिच्या फळात इथिलीन कमी तयार होतो आणि फळ दीर्घकाळ घट्ट राहते. गोल्डन डिलिशस या जातीत एक जनुक जोमदार व एक मंद आहे. या दोन जातींचा संकर केला, तर संततीपैकी सुमारे निम्म्या रोपांत दोन्ही मंद जनुके एकत्र येतात आणि उरलेल्या निम्म्यांत एक जोमदार व एक मंद अशी जोडी राहते. पूर्वी अशा रोपांतील टिकाऊ कोणते हे कळण्यासाठी त्यांना फळे धरेपर्यंत अनेक वर्षे थांबावे लागे. आता कोवळ्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून हे रोपावस्थेतच सांगता येते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, इथिलीनचे हे एकच जनुक सर्व काही ठरवीत नाही. फळातील पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ विरघळविणारे आणखी एक महत्त्वाचे जनुक सफरचंदाच्या दहाव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याखेरीज लहान लहान परिणाम करणारी अनेक जनुके आहेत. दुसरी ही की, सफरचंदाची लागवड कलमांनी होते. एका बागेतील फुजीची सर्व झाडे वंशाने एकसारखी असतात. एकदा टिकाऊ झाड हाती आले की त्याची लाखो कलमे करता येतात आणि प्रत्येक कलमात तो गुण जसाच्या तसा राहतो. कोकणातील हापूसच्या कलमांचेही असेच आहे. कांद्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

कांद्याचा वंश

कांद्यात गुणसूत्रांच्या आठ जोड्या आहेत. सफरचंदात त्या सतरा आहेत. परंतु गुणसूत्रांतील आनुवंशिक मजकुराची लांबी पाहिली, तर कांद्याचा मजकूर माणसाच्या मजकुराच्या सुमारे पाचपट भरतो. त्यामुळे कांद्याच्या जनुकांचा शोध घेणे हे काम फार सावकाश चालले आहे.

कांद्याचे पीक परपरागीकरणाने बी धरते. फुलांच्या गोंड्यातील एखादे फूल उमलले की त्याचे पुंकेसर आधी पराग सोडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीभाग नंतर तयार होतो. म्हणून मधमाश्या व इतर कीटक दुसऱ्या फुलांवरून, पुष्कळदा दुसऱ्या झाडांवरून, पराग आणतात. परिणामी शेतातील प्रत्येक कांदा वंशाने दुसऱ्यापेक्षा थोडा निराळा असतो. कांद्याची एखादी जात म्हणजे पुष्कळ बाबतींत सारख्या असलेल्या, परंतु तंतोतंत एक नसलेल्या कांद्यांचा समूह होय. एकाच गोंड्यात स्वतःच्याच परागाने पिढ्यान्पिढ्या बी धरवले, तर पुढील पीक दुबळे होत जाते.

टिकाऊपणा हा कांद्यात एका जनुकाने ठरणारा गुण नाही. तो अनेक लहान गुणांची बेरीज आहे, आणि यांतील प्रत्येक गुणामागे स्वतंत्र जनुके आहेत. हे गुण पुढीलप्रमाणे आहेत.

१. मानेची जाडी. बारीक मानेचा कांदा काढणीनंतर लवकर मिटतो. जाड मान ओली राहते व तीच बुरशीला आत शिरण्याची वाट होते.

२. बाहेरील पत्ती. दुहेरी पत्तीचा, घट्ट सालीचा कांदा पाणी कमी गमावतो. ज्याची पत्ती हाताळताना गळून पडते, तो लवकर सुकतो व सडतो.

३. घन पदार्थांचे प्रमाण. ज्या कांद्यात पाणी कमी व घन पदार्थ अधिक, तो सामान्यतः अधिक टिकतो आणि चवीलाही तिखट असतो. युरोप-अमेरिकेतील मोठे, गोडसर, पाणीदार कांदे म्हणूनच साठवणुकीला कच्चे समजले जातात. कांद्यात साखरेचे लांब साखळीरूपात रूपांतर होऊन घन पदार्थ वाढतात. हे ठरविणारे एक महत्त्वाचे जनुक कांद्याच्या आठव्या गुणसूत्रावर असल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले.

४. विश्रांतिकाळ. काढणीनंतर काही काळ कांद्याचा अंकुर निद्रिस्त असतो. ही निद्रा किती खोल व किती लांब असावी, हे जातीनुसार बदलते.

५. डोळ्यांची संख्या. एकच डोळा असलेला कांदा सुडौल राहतो. अनेक डोळ्यांचे कांदे पुढे जोडकांदे होतात, त्यांची पत्ती फाटते व ते आधी नासतात.

हे सर्व गुण ज्यात एकत्र आले आहेत असा कांदा शेतात विरळा. एखाद्याची मान बारीक असते पण पत्ती सुटी असते. दुसऱ्याची पत्ती उत्तम असते पण अंकुर लवकर जागा होतो. म्हणून सफरचंदाप्रमाणे एका फटक्यात टिकाऊ जात मिळत नाही. पिढ्यान्पिढ्या निवड करून चांगल्या गुणांचे प्रमाण समूहात वाढवीत न्यावे लागते.

रंगाचा संबंध

लाल किंवा पिवळ्या सालीचा कांदा पांढऱ्यापेक्षा काही बुरशींना अधिक तोंड देतो, हे फार पूर्वी लक्षात आले होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२९ ते १९३३ या काळात वॉकर, लिंक व त्यांचे सहकारी यांनी त्याचे कारण शोधून काढले. रंगीत कांद्याच्या वाळक्या पत्तीत दोन रासायनिक द्रव्ये असतात. ती पाण्यात उतरतात व सालीवर काळे डाग पाडणाऱ्या एका बुरशीच्या बीजाणूंना रुजू देत नाहीत. पांढऱ्या कांद्यात ही द्रव्ये नसल्यासारखीच असतात. वनस्पतीची रोगप्रतिकारशक्ती विशिष्ट रासायनिक द्रव्यामुळे येते हे दाखविणारे हे जुने व प्रसिद्ध उदाहरण आहे.

यावरून शेतकऱ्याने दोन बोध घ्यावेत. हे संरक्षण वाळक्या पत्तीत असते. हाताळणीत पत्ती सोलली गेली की तेही जाते. तसेच हे संरक्षण सर्व रोगांपासून मिळत नाही. म्हणून लाल कांदा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पांढऱ्या कांद्याला अधिक जपावे लागते हे अलिबागच्या शेतकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा पातीसह वाळवून त्याच्या माळा विणतात आणि त्या हवेशीर जागी टांगून ठेवतात. ढीग नसल्याने प्रत्येक कांद्याला वारा लागतो, आणि एक नासला तरी त्याचा ओलावा साऱ्या साठ्यात पसरत नाही.

हंगामाचा परिणाम

चांगला वंश असूनही चुकीच्या हंगामात त्याचा गुण प्रकट होत नाही. खरीप कांदा थंडीच्या तोंडाशी तयार होतो. त्या वेळी त्याची पात स्वतःहून पडत नाही, मान जाड व ओली राहते. शिवाय काढणीनंतर त्याला जो गारवा मिळतो, तो कोंब येण्यास अनुकूल असतो. कांदा शून्य ते दोन अंश आणि पंचवीस ते तीस अंश या दोन्ही तापमानांत निद्रिस्त राहतो. दहा ते वीस अंशांच्या दरम्यान मात्र त्याचा अंकुर लवकर जागा होतो. म्हणून महाराष्ट्राचा उन्हाळा रब्बी कांद्याच्या साठवणुकीला तापदायक न ठरता एका अर्थी साहाय्यकच ठरतो, आणि दिवाळीनंतर तोच कांदा पटकन मोड धरतो.

खरीप हंगामासाठी एन-५३, बसवंत-७८० यांसारख्या जाती आहेत. त्या त्या हंगामात उत्पन्नाला चांगल्या आहेत, परंतु त्यांचा कांदा काढून लगेच विकावयाचा असतो. साठवणुकीसाठी रब्बी हंगामातील एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड, तसेच राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेच्या भीमा किरण व भीमा शक्ती या जाती योग्य आहेत. रब्बीत घेतलेला व नीट सुकविलेला भीमा किरणचा कांदा पाच ते सहा महिने टिकतो. खरिपाच्या जातीचे बियाणे स्वस्त मिळाले म्हणून ते रब्बीत टाकणे आणि त्या कांद्याने चाळ भरणे म्हणजे नुकसान पदरात पाडून घेणे होय.

चाळ हीच निवडीची कसोटी

रब्बी कांद्याचे बियाणे तयार करण्याच्या पद्धतीतच टिकाऊपणाची निवड दडलेली आहे. हा कांदा एप्रिल-मे महिन्यात काढतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत साठवतात आणि मग बियाण्यासाठी जमिनीत लावतात. मधल्या सहा महिन्यांत जे सडले, ज्यांना कोंब आले, जे पोकळ झाले, ते कांदे बाद होतात. जे शेवटपर्यंत घट्ट राहिले, त्यांनाच पुढील पिढीचे आईबाप होण्याचा मान मिळतो. दर पिढीला अशी चाळण लागल्याने टिकाऊ जनुकांचे प्रमाण वाढत जाते. खरीप जातींत कांदा निघाल्यावर थोड्याच दिवसांत तो बियाण्यासाठी लावतात. त्यांना साठवणुकीची कसोटी लागतच नाही. रब्बी कांदा टिकतो व खरीप टिकत नाही याला हेही एक कारण आहे.

ज्याला घरचे बियाणे करावयाचे असेल, त्याने पुढील क्रम पाळावा.

पहिली निवड काढणीच्या वेळी करावी. मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे, दुहेरी पत्तीचे कांदे बाजूला काढावेत. जोडकांदे, डेंगळे आलेले कांदे व गोल्टी घेऊ नये. सर्वांत मोठा कांदा तोच उत्तम, असे समजू नये. अवाढव्य कांदा बहुधा पाणीदार असतो.

हे कांदे विक्रीच्या कांद्याप्रमाणेच साध्या चाळीत, परंतु वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. त्यांना विशेष सुखसोयीत ठेवले, तर कच्चा कांदाही तग धरतो आणि कसोटी फुकट जाते.

दुसरी निवड लागवडीच्या आधी करावी. कोंब आलेले, मऊ पडलेले, पत्ती गळालेले व बुरशी लागलेले कांदे निर्दयपणे काढून टाकावेत. उरलेल्या कांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापून पाहावा. ज्यात एकच डोळा दिसेल ते घ्यावेत, आणि लावण्यापूर्वी शिफारस केलेल्या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घ्यावेत.

मातृकांद्यांची संख्या फार कमी ठेवू नये. पाच-पंचवीस सुंदर कांद्यांपासून बी धरल्यास काही पिढ्यांत पीक दुबळे होते. ही संख्या निदान काहीशे असावी.

बियाण्याच्या प्लॉटजवळ दुसऱ्या जातीचा फुललेला कांदा नसावा. सुमारे एक किलोमीटरचे अंतर ठेवणे श्रेयस्कर. याचे कारण आनुवंशिक आहे. बियाण्यातील निम्मा वारसा मातेकडून व निम्मा परागाकडून येतो. मातृकांदे कितीही पारखून घेतले, तरी शेजारच्या शेतातील न टिकणाऱ्या कांद्याचा पराग मधमाशीने आणला, तर निवडीची कमाई निम्म्यावर येते. शेजाऱ्यांनी मिळून एकाच जातीचे, एकाच रीतीने निवडलेले बियाणे करावयाचे ठरविले, तर हा प्रश्न सहज सुटतो. ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी या कामी पुढाकार घ्यावा.

संकरित वाणापासून निघालेल्या कांद्याचे मात्र घरी बी धरू नये. कांद्यातील संकरित बियाण्याचा उगम १९२५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे जोन्स यांना आढळलेल्या एका नरवंध्य कांद्यात आहे. त्याच्या फुलांत पराग निपजत नसल्याने त्यावर हवा तो पराग आणून संकर घडविता आला. अशा संकरित पिकाच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि एकसारखेपणा नाहीसा होतो.

कांद्याचे बी साध्या हवेत ठेवले तर त्याची उगवणशक्ती लवकर घटते. म्हणून जुने बियाणे उगवण तपासल्याविना वापरू नये, आणि नवे बियाणे चांगले वाळवून कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवावे.

तुर्भ्याचे संशोधन आणि लासलगावचे केंद्र

मुंबई उपनगर जिल्ह्यातील तुर्भे येथे, ज्याला इंग्रजी वळणाने ट्रॉम्बे म्हणतात, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी कांद्याच्या साठवणुकीचा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला. कोबाल्ट-६० या द्रव्यातून निघणारे गॅमा किरण ठराविक मात्रेत कांद्यावर सोडले, तर त्याच्या मध्यभागी असलेल्या अंकुराच्या वाढणाऱ्या पेशी निकामी होतात व कांद्याला मोड येत नाही. ही मात्रा ६० ते ९० ग्रे इतकी अल्प असते आणि कांदा किरणोत्सारी होत नाही. कांदा, बटाटा व मसाले यांवर असा उपचार करण्यास भारतात १९९४ साली परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे याच संशोधनावर आधारलेले ‘कृषक’ हे केंद्र २००२ साली उभे राहिले. पुढे २००७ साली अमेरिकेला निर्यात झालेल्या आंब्यांवरही येथे विकिरण करण्यात आले.

या उपायाची मर्यादाही समजून घ्यावी. किरणांनी मोड थांबतो. वजनातील घट आणि सड थांबत नाही. जाड मानेचा, नीट न सुकविलेला कांदा किरण देऊनही सडणारच. हा उपचार काढणीनंतर लवकर, अंकुर निद्रिस्त असतानाच, करावा लागतो. शिवाय तो त्या एका कांद्यापुरता असतो. त्याचा गुण वारशाने पुढे जात नाही, कारण तसा कांदा जमिनीत लावला तरी वाढत नाही. म्हणून विकिरण केलेला कांदा बियाण्यासाठी कधीही घेऊ नये. वंशातून आलेला टिकाऊपणा मात्र बियाण्याबरोबर दरवर्षी विनामूल्य शेतात येतो.

वंशाला निगेची जोड

चांगले बियाणे म्हणजे टिकाऊपणाची शक्यता. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी पुढील गोष्टी आवश्यक आहेत.

नत्र खत उशिरा देऊ नये. लागवडीनंतर दोन महिन्यांच्या आत सर्व नत्र संपवावे. उशिरा दिलेल्या नत्राने पात हिरवी राहते, मान जाड होते व कांदा साठवणुकीत सडतो. जमिनीत गंधकाची उणीव असल्यास ती भरून काढावी.

काढणीपूर्वी सुमारे दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. शेतातील निम्म्या झाडांच्या माना पडल्या म्हणजे काढणी सुरू करावी.

काढलेला कांदा शेतात तीन ते पाच दिवस अशा रीतीने पसरावा की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातील. उघडा कांदा उन्हाने भाजतो व पत्ती तडकते. नंतर सुमारे एक इंच मान ठेवून पात कापावी आणि कांदा सावलीत दहा-बारा दिवस सुकवावा. मान अगदी मुळाशी कापल्यास बुरशीला उघडे दार मिळते.

चाळीचा तळ जमिनीपासून उंच व हवा खेळती राहील असा असावा. कांद्याचा थर चार ते पाच फुटांहून उंच व कप्पा सुमारे चार फुटांहून रुंद नसावा. अन्यथा मध्यभागी उष्णता व ओलावा साठतो आणि खालचे कांदे दबतात. पावसाची झड आत येऊ देऊ नये. छपरासाठी पत्र्यापेक्षा कौले अधिक थंड राहतात.

चाळ भरताना गोल्टी, जोडकांदे, डेंगळे व इजा झालेले कांदे वेगळे काढून आधी विकावेत. मोसमी पावसाचे पहिले दोन महिने सडीचे असतात. त्या काळात चाळीच्या वासावर व तळातून पाझरणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवावे.

नोंद ठेवावी

कोणत्या बियाण्याचा कांदा किती टिकतो, हे सांगणारी सर्वांत विश्वासू साक्ष शेतकऱ्याच्या स्वतःच्या चाळीत मिळते. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. प्रत्येक बियाण्याच्या कांद्याची एक जाळीदार पिशवी, पन्नास किलो वजन करून, चाळीत वेगळी ठेवावी. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला तिचे वजन करावे आणि सडलेले व कोंब आलेले कांदे मोजून वहीत लिहावेत. दोन हंगामांच्या अशा नोंदी ठेवल्या की कोणते बियाणे घ्यावे, चाळ कोणत्या महिन्यात उघडावी आणि नुकसान सडीचे आहे की कोंबाचे, हे निश्चित कळते. नुकसान सडीचे असेल तर मान, सुकवणी व वायुवीजन यांकडे लक्ष द्यावे. ते कोंबाचे असेल तर जात बदलावी किंवा माल थंडीपूर्वी विकावा.

ग्रामसेवक व कृषी सहायकांनी आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावात निदान दोन शेतकऱ्यांकडून अशी वही ठेववून घ्यावी आणि दिवाळीच्या सुमारास, मातृकांदे निवडण्याच्या वेळी, ती गावच्या बैठकीत सर्वांसमोर वाचावी. कोणाच्या चाळीतील कांदा सर्वांत शेवटी शिल्लक राहिला हे त्या वहीवरून ठरेल, आणि पुढील वर्षाचे बियाणे त्याच कांद्यापासून धरावे.